फर्टिव्ह म्हणजे केवळ ‘गुप्त’ नव्हे

‘फर्टिव्ह’ (furtive) या इंग्रजी शब्दासाठी कोणी ‘गुप्त’ हा मराठी प्रतिशब्द सुचवला आहे, तो मला अपुरा वाटतो. गुप्त मतदान गुप्त असते, परंतु त्याला कोणी फर्टिव्ह म्हणणार नाही, कारण या शब्दात लपवण्याइतकेच महत्त्व लपवणाऱ्याच्या बुजरेपणाला, आपल्याला कोणी पाहत तर नाही ना या धास्तीला आहे. लॅटिनमध्ये ‘फुर’ म्हणजे चोर. त्यावरून ‘फुर्तिवस’ आणि त्यापासून हे विशेषण आले. (मुंगसासारखा दिसणारा ‘फेरेट’ हा प्राणीही त्याच घराण्यातला, त्याच्या नावाचा मूळ अर्थ ‘छोटा चोर’.) म्हणून ‘फर्टिव्ह ग्लान्स’ला ‘चोरटा कटाक्ष’ हा आपला शब्दप्रयोग अगदी चपखल बसतो.

मात्र ‘चोर’ जोडलेला प्रत्येक मराठी शब्द येथे चालणार नाही. चोरकप्पा किंवा रायगडाची चोरदिंडी या लपवलेल्या वस्तू व वाटा आहेत; त्यांना हावभाव नाहीत, आणि फर्टिव्ह प्रामुख्याने नजर, हालचाल व वागणूक यांविषयी वापरतात.

‘गुप्त’ याच अर्थाच्या ‘क्लॅन्डेस्टाइन’ (clandestine) या दुसऱ्या इंग्रजी शब्दाचा सूर वेगळा आहे. तो ठरवून, योजनापूर्वक आणि बहुधा नियम डावलून केलेल्या गोष्टींना लागतो. इंग्लंडमध्ये 1753 साली झालेला विवाहविषयक कायदा अशाच ‘क्लॅन्डेस्टाइन’ विवाहांना आळा घालण्यासाठी होता. तेथे ‘चोरटे विवाह’ म्हणणे विनोदी ठरेल. ‘छुपे विवाह’ बरे.