छोट्या बोटीवरून बेटं फिरलात का कोणी? आमचं कोमोडोचं ठरतंय, अनुभव सांगा

धागाकर्ती

नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात आहे की एकदा छोट्या बोटीवर, म्हणजे पंधरा-वीस माणसं मावतील अशा, तीन-चार दिवस राहायचं आणि बेटं बघत हिंडायचं. ती दहा मजली क्रूझ एकदा करून झाली, लग्नाच्या हॉलमध्ये दोन दिवस कोंडल्यासारखं वाटलं, डीजे आणि बुफेची लाईन, समुद्र आपला खाली कुठेतरी. आता इंडोनेशियातलं कोमोडो नॅशनल पार्क जवळपास नक्की केलंय. बालीहून विमानाने लाबुआन बाजो, तिथून पिनिसी म्हणजे त्यांची ती लाकडी बोट, ३ दिवस २ रात्री. आम्ही चौघं, मी, नवरा, लेक (११) आणि सासूबाई (६८, गुडघे ठणठणीत, पोहता येत नाही, उत्साह आमच्या तिघांचा मिळून असेल तेवढा). बोट कशी निवडायची, कोणत्या महिन्यात, बोट लागली तर काय, खाण्याचं काय, सगळंच विचारायचंय. लक्षद्वीप, मालदीव, कुठलंही चालेल, फक्त स्वतः केलेलं सांगा, यूट्यूबवरचं सगळं माझं बघून झालंय.

डोंबिवली ते दोहा

आम्ही दोघं मागच्या ऑगस्टमध्ये केली. शेअरिंग बोट, त्याला तिथे ओपन ट्रिप म्हणतात, अनोळखी १४ जण. केबिनसकट माणशी ४० लाख पडले. रुपिया हो, घाबरू नका, आपले २१-२२ हजार. पण पहिल्यांदा आकडा वाचून बायकोने माझ्याकडे जे बघितलं ते अजून आठवतं.

पहिली गोष्ट, फोटोतली बोट आणि धक्क्यावरची बोट एकच असेल असं धरू नका. आमच्या फोटोत पांढरीशुभ्र शिडं फुगलेली, प्रत्यक्षात शिडं गुंडाळलेली होती आणि तीन दिवसांत एकदाही उघडली नाहीत, सगळं इंजिनावर. एसी फक्त जनरेटर चालू असेल तेव्हा, म्हणजे रात्री. बुकिंग करताना बोटीचं नाव लिहून घ्या, आणि "ही नसेल तर तसलीच दुसरी देऊ" असं वाक्य कुठे लपलंय का ते बघा. आमच्या करारात होतं.

बाकी मजा काय सांगू. पहाटे पाचला पादार बेटावर चढलो, अर्धा-पाऊण तास लागतो, वरून तीन खाड्या दिसतात आणि तिन्हींची वाळू वेगळ्या रंगाची. सासूबाईंना जमेल, बऱ्याच ठिकाणी पायऱ्या आहेत, पण उन्हाच्या आत चढा, झाड नाही एकही. संध्याकाळी कालोंग बेटासमोर बोट नांगरतात, अंधार पडताना तिथल्या खारफुटीतून मोठाली वटवाघळं निघतात ती संपतच नाहीत, पंधरा मिनिटं नुसतं वर बघत होतो, बोटीवर कोणी बोलेना. आणि कोमोडो ड्रॅगन, तीन मीटरपर्यंत वाढणारी घोरपडच की ती, पण लेकीला हे सांगा की पिल्लं अंड्यातून निघाली की सरळ झाडावर चढतात, खाली राहिली तर मोठे ड्रॅगन खाऊन टाकतात. रेंजरच्या हातात बेचकं असलेली एक काठी. बस. बंदूक वगैरे काही नाही.

निवृत्त दर्यावर्दी

मर्चंट नेव्हीत ३४ वर्षं काढली, त्यातली बहुतेक इंजिनरूममध्ये. रिटायर झाल्यावर मुलीच्या हट्टाने मीसुद्धा या बोटींवर गेलो होतो, त्यामुळे दोन्ही बाजूंनी सांगतो.

लोक केबिनचे पडदे बघतात. तुम्ही हे विचारा. इंजिनं किती, एक का दोन? लाइफजॅकेट किती आणि ठेवली कुठे, लहान मुलांच्या मापाची आहेत का? (११ वर्षांच्या मुलीला मोठ्यांचं जॅकेट म्हणजे पाण्यात पडल्यावर जॅकेट वर आणि मुलगी खाली.) व्हीएचएफ रेडिओ, म्हणजे किनाऱ्याशी आणि दुसऱ्या बोटींशी बोलायचा, तो चालतो का? रात्री बोट चालवता का नांगरून ठेवता, आणि नांगरल्यावर जागं कोण असतं? शेवटच्या प्रश्नावर जो एजंट हसेल त्याच्याकडे जाऊ नका. लाकडी बोटीला बुडण्यापेक्षा आगीची भीती जास्त, स्वयंपाकाचा गॅस, डिझेल, रात्रभर चार्जिंगला लावलेले मोबाईल. पॉवर बँक झोपताना चार्जिंगला ठेवायची नाही, आणि केबिनमधून बाहेर पडायला दाराखेरीज दुसरी वाट आहे का ते पहिल्या दिवशीच बघून ठेवायचं.

केबिन मध्यावरची आणि खालची घ्या, बोट तिथे सगळ्यात कमी हलते. मात्र इंजिनाला लागून नको, डिझेलच्या वासानेच अर्ध्या लोकांना बोट लागते. वरच्या मजल्यावरची सी व्ह्यू केबिन महाग असते आणि सगळ्यात जास्त झुलते, म्हणजे उलटी करायचे जास्त पैसे.

शाकाहारी भटकी

वरच्या काकांना मनापासून अनुमोदन, मी ते जास्तीचे पैसे भरलेत.

बोट लागण्याबद्दल. मी एसटीत घाटात सुद्धा पिशवी घेऊन बसणारी बाई आहे. एव्होमिन निघायच्या आधी एक-दोन तास घ्यायची, बोट हलायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही, आणि झोप येते हे धरून चाला. (सासूबाईंना आधीच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारूनच.) मी आलेपाक नेला होता दोन पाकिटं, बोटीवरच्या जर्मन मुलींनी दुसऱ्या दिवशी संपवला. मोबाईलमध्ये बघायचं नाही, क्षितिजाकडे बघायचं, पोट अगदी रिकामं ठेवायचं नाही.

खाणं. टेम्पे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी) आणि तोफू भरपूर मिळतं, भात असतोच, गाडोगाडो म्हणजे उकडलेल्या भाज्यांवर दाण्याची दाट चटणी, आपल्याला आवडतेच. पण "व्हेज" म्हटलं की त्यांच्या मनात मांस नाही एवढंच असतं. सांबल म्हणजे त्यांचा ठेचा, त्यात बऱ्याचदा तेरासी असते, सुकवलेल्या कोळंबीची पेस्ट. दोन दिवस मी "काय मस्त ठेचा आहे" म्हणत खाल्ला, तिसऱ्या दिवशी बल्लवाने डबा दाखवला. जाऊदे. आधी लिहून कळवा, तेरासी नको, अंडं चालतं का नाही तेही कळवा. मेतकूट आणि लोणचं बॅगेत असू द्या.

आणि बायकांसाठी एक, कोणी लिहीत नाही म्हणून लिहिते. ड्रॅगनच्या बेटावर उतरल्यावर रेंजर विचारतात की कोणाची पाळी चालू आहे का, कारण त्या प्राण्याला रक्ताचा वास लांबून येतो. मला आधी रागच आला, आपल्याकडचा शिवाशिवीचा प्रकार वाटला. पण त्यांनी बाहेर नाही बसवलं, फक्त गटाच्या मध्ये आणि रेंजरच्या जवळ चालायला सांगितलं. तेव्हा लाजू नका, सांगून टाका.

मालवणी माणूस

तारखा ठरवताना सगळे महिना बघतात, तिथी कोण बघत नाही. कालनिर्णय घ्या हातात. कोमोडोच्या सामुद्रधुन्यांतून पॅसिफिककडचं पाणी हिंदी महासागरात येतं आणि ते सगळं त्या चिंचोळ्या वाटांतून, त्यामुळे ओढ जबरदस्त. अमावस्या-पौर्णिमेला आमच्याकडे उधाण येतं तसं तिथेही येतं, चंद्र तोच आहे ना. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, तेव्हा ओढ त्यातल्या त्यात कमी. ज्यांना पोहता येत नाही, लहान मुलगी बरोबर आहे, त्यांनी अष्टमी धरून जावं. डायव्हिंगवाले मुद्दाम ओढ असताना जातात, मांटा माशांना खाणं तिथेच मिळतं म्हणून. मी स्वतः पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी मांटा पॉइंटला स्नॉर्कलिंगला उतरलो, लहानपणापासून खाडीत डुंबलेला माणूस, तरी पाच मिनिटांत बोट हातभर लहान दिसायला लागली. डिंगी, म्हणजे बोटीबरोबरची छोटी होडी, मागून येत होती म्हणून निभावलं. डिंगी पाण्यात असल्याशिवाय उडी मारायची नाही, एवढं लक्षात ठेवा.

मांटा मात्र बघाच. बारा फुटी पंखांचं जनावर तुमच्या खालून जातं आणि तुमच्याकडे ढुंकूनही बघत नाही.

सांगलीकर मास्तर

आम्ही नवराबायको (६४ आणि ६१) लक्षद्वीपला जाऊन आलो, समुद्रम नावाचं सरकारी पॅकेज. बोट छोटी नाही हे कबूल, शेकडो माणसं असतात, पण बेटं छोटी आहेत आणि खर्चही आपल्या आवाक्यातला, म्हणून लिहितोय. कोचीहून निघायचं, १४ ते १८ तास, मग दिवसा बेटावर आणि रात्री जहाजावर झोपायला. कवरत्ती, कल्पेनी, मिनिकॉय. परमिट लागतं, भारतीयांना सुद्धा, त्यामुळे आज ठरवलं आणि उद्या निघालो असं होत नाही. पावसाळा सोडून जायचं. दारू नाही, आमची काही अडचण नव्हती, गटातल्या दोघांची झाली.

कोणी सांगत नाही ते असं की जहाज बऱ्याचदा बेटाला लागतच नाही. भोवती प्रवाळाचं कडं, आत उथळ पाणी, त्यामुळे जहाज बाहेर खोल समुद्रात उभं राहतं आणि जहाजाच्या दारातून छोट्या होडीत उतरायचं. होडी वर येते, खाली जाते, वर आली की खलाशी दंड धरून ओढतात. हिला पहिल्या दिवशी रडू फुटलं. तिसऱ्या दिवशी स्वतःच पाय टाकत होती. मिनिकॉयला १८८५ सालचं दीपगृह आहे, वर चढून बघितलं तर एका बाजूला निळा समुद्र, दुसऱ्या बाजूला पोपटी पाणी आणि मधे माडांची एवढीशी पट्टी, त्यावर गाव. तिथली भाषा महल, मालदीवच्या भाषेची बहीण, बाकीच्या बेटांवरच्या मल्याळम वळणाच्या बोलीचा इथे पत्ता नाही. मास्तरकीची सवय, विचारत सुटलो. बोलायची सोय नाही, पण मुलांनी आकडे मोजून दाखवले.

पर्मनंट बॅगपॅकर

माझी झालेली फजिती घ्या. दोनदा. पहिल्यांदा जानेवारीत गेलो, स्वस्त होतं म्हणून. स्वस्त का होतं ते लाबुआन बाजोला पोचल्यावर कळलं, पश्चिमेचा वारा, पाऊस, आणि बंदर अधिकाऱ्यांनी पर्यटक बोटींना परवानगी बंद केली. चार दिवस टेकडीवरच्या हॉस्टेलमधून बोटींकडे बघत बसलो. एजंट म्हणाला पुढची तारीख देतो, पैसे परत नाही. म्हणून एप्रिल ते ऑक्टोबर, आणि बंदर बंद झालं तर पैसे परत का नुसती तारीख, हे आधी लेखी घ्या.

दुसऱ्यांदा जानेवारी टाळून नोव्हेंबर २०२४ मध्ये निघालो तर लाबुआन बाजो ज्या बेटावर आहे त्या फ्लोरेसच्या पूर्व टोकाकडे लेवोतोबी लाकी-लाकी ज्वालामुखी उसळला आणि राखेमुळे बालीची विमानं धडाधड रद्द. (लाकी-लाकी म्हणजे पुरुष, शेजारच्या शिखराचं नाव पेरेम्पुआन म्हणजे बाई. भडकतो तो नवरा.) यात कोणाचीच चूक नाही, पण बोटीची तारीख आणि विमानाची तारीख अशी चिकटवून ठेवू नका. बोटीच्या आधी एक आणि परतीच्या विमानाआधी एक दिवस मोकळा.

पैसे: व्हिसा ऑन अरायव्हल ५ लाख रुपिया, बालीचा वेगळा पर्यटक कर दीड लाख, पार्कची फी वेगळी आणि ती वरचेवर बदलते, तेव्हा बोटीच्या किमतीत धरली आहे का ते विचाराच. २०२२ मध्ये तर ती एकदम साडेसदतीस लाख करायला निघाले होते, गावातल्या टूरवाल्यांनी संप केला, मग रद्द झाली.

जर्सीकर

विषय थोडा लांबचा, पण गालापागोस, दक्षिण अमेरिकेतल्या इक्वाडोरची बेटं. खर्चिक आहे हे आधीच सांगते, फक्त पार्कची फी ऑगस्ट २०२४ पासून २०० डॉलर, बोट आणि विमान वेगळं. आमची १६ जणांची बोट होती, तिथे एका गाईडमागे १६ च माणसं असा नियम आहे आणि गाईडशिवाय वस्ती नसलेल्या बेटांवर पाऊल टाकता येत नाही. बोट रात्री चालते, सकाळी उठाल तेव्हा वेगळं बेट. विषुववृत्तावर आहे म्हणून मी सुती कपडे भरले होते आणि जुलैत पाण्यात उतरले तर दात वाजायला लागले, दक्षिणेकडून गार प्रवाह येतो, पेंग्विन उगाच नाही राहत तिथे. वेटसूट बोटीवर भाड्याने मिळाला.

फ्लोरिआना बेटावर एक पिंप आहे. व्हेल पकडणाऱ्या जहाजांच्या काळापासूनचं पोस्ट ऑफिस. आपलं पत्र तिकीट न लावता टाकायचं, आणि आतली चाळून आपल्या गावाकडचं सापडलं तर स्वतः नेऊन द्यायचं. सगळे ओहायो, टोरांटो शोधत होते, मला चक्क नाशिकचा पत्ता सापडला! इंग्रजी कार्डावर खाली मराठीत "आजी, इथे कासव तुझ्यापेक्षा हळू चालतं". पाच महिन्यांनी भारतात गेले तेव्हा नवऱ्याला घेऊन नाशिकला गेले, दार आजींनीच उघडलं. नातू परत येऊन सहा महिने झाले होते आणि त्याने पत्राचं घरी सांगितलंच नव्हतं. चहा, चिवडा, मग जेवूनच जा.

धागाकर्ती

किती लिहिलंत सगळ्यांनी! तर आता, मे महिना, शाळेला सुट्टी, अष्टमी कालनिर्णयात बघून पेन्सिलीने गोल केलाय (नवरा हसतोय, हसू दे). दिरांकडचे चौघं येतायत, मग आठ जणांत लहान बोट आख्खीच घेतोय, मध्यावरच्या खालच्या केबिन मागितल्या आहेत. जागं कोण राहतं हे विचारलं तर पहिला एजंट खरंच हसला. दुसऱ्याने दोन माणसं आळीपाळीने असं सांगितलं, त्याच्याशी बोलणं चालू आहे. एक शंका राहिली, सासूबाईंना डिंगीत चढणं-उतरणं जमेल का?

निवृत्त दर्यावर्दी

जमेल. शिडी उतरताना तोंड बोटीकडे, पाठ पाण्याकडे, जिन्यासारखं समोर बघत उतरायचं नाही. मदतीला हात देणाऱ्याचा पंजा धरायचा नाही, मनगट धरायचं आणि त्याने यांचं मनगट, ओल्या हाताचा पंजा सुटतो. डिंगीत पाय पडला की उभं राहायचं नाही, लगेच बसायचं. हातात पर्स, मोबाईल, काही नको. आत्तापासून माळ्याच्या शिडीवर रोज दोनदा करून घ्या.

धागाकर्ती

सुरू केलं. साडी चालेल का विचारतायत.

निवृत्त दर्यावर्दी

नऊवारी चालेल, पाचवारी नको.