मदत हवी आहे: २००३ ची सिल्व्हराडो, ४.८ लिटरचं इंजिन, कॅम्पर ओढून आय-७० महामार्गाचा चढ झेपेल का?

नमस्कार मंडळी,

आम्ही डेन्व्हरजवळ राहतो. गाडी शेव्हरोले सिल्व्हराडो १५००, २००३ सालची, एक्स्टेंडेड कॅब, फोर बाय फोर. इंजिन ४.८ लिटरचं व्ही८. व्हीआयएनमधलं (गाडीच्या ओळख क्रमांकातलं) आठवं अक्षर 'व्ही' आहे, त्यामुळे त्याबद्दल शंका नाही (५.३ लिटरचं मोठं इंजिन असतं तर तिथे 'टी' किंवा 'झेड' असतं). गाडी ठणठणीत आहे, गंज नाही, आणि मला ती विकायची नाही.

जूनमध्ये सासू-सासरे साताऱ्याहून येतायत. दोघांनाही डोंगरात राहायची फार हौस, पण गुडघ्यांमुळे सासऱ्यांना तंबूत जमिनीवर झोपता येत नाही. म्हणून वापरलेला कॅम्पर (ट्रकमागे ओढायचं चाकांवरचं घर) घ्यायचं ठरतंय. मनात भरलाय तो २४ फुटी: रिकामा ४,६०० पौंड, सामानासह कमाल ६,०००. जायचंय ग्लेनवूड स्प्रिंग्सला, म्हणजे आयझेनहॉवर बोगद्यातून पलीकडे, ११,१५८ फुटांवरून.

कॅम्पर विकणारा म्हणतो, "व्ही८ आहे ना? मग बिनधास्त घ्या." ऑफिसातला मित्र म्हणतो ४.८ चं काम नाही, ५.३ वाला ट्रकच हवा. दोघंही फक्त इंजिनाचंच बोलतायत. मला विचारायचंय की ओढताना ४.८ आणि ५.३ मध्ये खरोखर किती फरक पडतो? ग्लव्ह बॉक्समधल्या स्टिकरवर जीयू६ हा कोड आहे, म्हणजे डिफरन्शियल ३.४२ चं (चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाकडून येणारा दांडा ३.४२ वेळा फिरतो). ते बदलून उपयोग होईल का? आणि सहा जण बसवून हा कॅम्पर ओढणं सुरक्षित आहे का? माझ्या लेखी शेवटचा प्रश्न सगळ्यात मोठा. वयस्कर माणसं आणि दोन मुलं बरोबर असणार. 'निघेल कसंतरी' एवढ्यावर मी निघणार नाही.

गॅरेजकाका:
आधी इंजिनाचं बघू. ४.८ आणि ५.३ ही सख्खी भावंडं आहेत. दोन्हींचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ९६ मिमी, फरक स्ट्रोकचा (पिस्टनच्या फेरीच्या लांबीचा): ८३ आणि ९२ मिमी. तुमच्या सालच्या गाडीत टॉर्क (फिरवण्याचा जोर) २८५ विरुद्ध ३२५ पौंड-फूट, दोन्हींचा ४,००० आरपीएमला. म्हणजे ५.३ ला साधारण १४ टक्के जास्त. आता डिफरन्शियल बघा. ३.४२ काढून ३.७३ टाकलं तर चाकावरची ओढ ९ टक्के वाढते आणि ४.१० टाकलं तर २० टक्के. इंजिन बदलून मिळतं त्याहून जास्त! पण तुमची फोर बाय फोर आहे, पुढचं आणि मागचं दोन्ही बदलावं लागेल. त्या खर्चाचा विचार करा.

उंचीचा मुद्दा तर कोणी काढलेलाच दिसत नाही. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना सुमारे ३ टक्के ताकद गमावतं. तुमचे २७० हॉर्सपॉवर बोगद्यापाशी १८० च्या आसपास उरतील. ५.३ चे २८५ तिथे १९०. त्या दहासाठी ट्रक बदलू नका.

गिअरबॉक्स तुमचा ४एल६०ई, चार गिअरचा. दुसऱ्याचं गुणोत्तर १.६३, तिसऱ्याचं थेट १.००, मध्ये काही नाही. ताशी ६० मैलांना तिसऱ्यात इंजिन २,२५० च्या आसपास फिरेल, दुसऱ्यात ३,७०० च्या. चढावर ते दुसऱ्यात ओरडेल, ओरडू द्या, त्याची ताकद तिथेच आहे. गिअरबॉक्स मरतो तो दुसरा-तिसरा, दुसरा-तिसरा करत तापून. टो/हॉल (ओझं ओढतानाचं) बटण दाबा, ओव्हरड्राइव्ह (चौथा गिअर) बंद ठेवा, लांब चढावर लिव्हर स्वतः खाली ओढा आणि उजव्या लेनने ४५ ने जा. वेगळा ट्रान्समिशन कूलर (गिअरबॉक्सचं तेल थंड ठेवणारा) नसेल तर निघण्याआधी बसवून घ्या. माझ्या मते तुमचा पहिला खर्च हाच असायला हवा.

मिसौरीकर:
काकांचं सगळं पटलं, पण तुमचा ट्रक ओढण्यात अडणार नाही, वाहण्यात अडेल. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर जीव्हीडब्ल्यूआर (भरलेल्या गाडीचं कमाल वजन) लिहिलेलं असतं: ट्रक, माणसं, सामान आणि कॅम्परचा हिचवर (ट्रकमागच्या जोडणीवर) पडणारा भार, सगळं मिळून तेवढ्यात बसलं पाहिजे. हा भार कॅम्परच्या वजनाच्या १० ते १५ टक्के असतो. ६,००० च्या कॅम्परला १३ टक्के धरले तर ७८० पौंड मागच्या अ‍ॅक्सलवर गेले, अजून कोणी गाडीत बसलेलंसुद्धा नाही. भार कमी दाखवायला सामान मागे सरकवू नका, कॅम्पर शेपटासारखा डोलायला लागतो.

'रिकामा ४,६००' या आकड्यावर तर कधीच हिशोब करू नका. नुसतं ४० गॅलन पाणी ३३० पौंड होतं. मग गॅस, बॅटरी, भांडी, अंथरुणं. कॅम्पर कमाल वजनाचाच आहे असं समजा.

एक काम करा. टाकी फुल करा, एकटे बसा आणि ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर (ट्रक तोलायच्या काट्यावर) वजन करून या. मग बोलू.

घाटवाट:
चढण्यापेक्षा उतरण्याचं बघा. बोगद्यानंतर सिल्व्हरथॉर्नकडे उतरताना आठेक मैलांत दोन हजार फुटांहून जास्त खाली येता. आपल्याकडचे ड्रायव्हर सांगायचे, ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. तिथेही तेच करा. ब्रेकवर पाय ठेवून बसू नका. दाबा, वेग उतरवा, सोडा. कॅम्परचे स्वतःचे इलेक्ट्रिक ब्रेक चालू आहेत का, हे विकत घेण्याआधी चाक उचलून तपासा.

(धागाकर्ता):
सगळ्यांचे मनापासून आभार. वजन करून आलो. दारावर ६,४०० आहे. टाकी फुल आणि मी एकटा: ५,२६०. उरले ११४०. बाकीचे पाच जण साधारण ५९० पौंड आणि हिचवर ७८०, म्हणजे १३७०. सामान धरण्याआधीच हद्द ओलांडली. तेव्हा २४ फुटी रद्द. ही बेरीज ना विकणाऱ्याने करून दाखवली ना मित्राने.

आता एक १९ फुटी पाहिलाय, कमाल ४,४००. त्याचे हिचवर ५७० धरले. बायको, सासूबाई आणि मुलगी दुसऱ्या गाडीने येतील. ट्रकमध्ये मी, सासरे आणि मुलगा: ते दोघं मिळून २५०, वेट डिस्ट्रिब्यूशन हिचचे (भार पुढच्या चाकांवरही वाटणाऱ्या जोडणीचे) ८० एक. एकूण ९००. सामानाला २४० उरतात. सामान बरंचसं दुसऱ्या गाडीत जाईल. डिफरन्शियलला तूर्त हात लावत नाही, कूलर या आठवड्यात बसवतोय.

काका, एकच राहिलं. गाडीत ब्रेक कंट्रोलर (कॅम्परचे ब्रेक चालवणारं उपकरण) नाही. कुठला घ्यावा?

गॅरेजकाका:
प्रपोर्शनल घ्या. तुम्ही जितका ब्रेक माराल तितकाच तो कॅम्परला लावतो. स्वस्तातला टाइम-डिलेवाला ठरवलेला जोर ठरवलेल्या वेळात देतो, तुम्ही हळू दाबा की करकचून. घाटात तो नको. टोइंग पॅकेज असेल तर वायरिंग डॅशखाली आधीच असेल, फक्त जोडणीचा हार्नेस लागेल. बसवल्यावर रिकाम्या पार्किंगमध्ये २५ च्या वेगाने, कॅम्पर भरलेला असताना, जोर जुळवा: चाकं लॉक होतात तिथवर वाढवा आणि मग थोडा कमी करा. सासऱ्यांना त्या दिवशी बरोबर नेऊ नका.