मेळघाटात पायी गस्तीसाठी रेनजॅकेट सुचवा, बजेट २०००

रानवाट_धारणी
नमस्कार मंडळी. वनरक्षक आहे, धारणी तालुक्यात. पावसाळ्यात रोज पायी गस्त असते. चढउतार, बांबू, काटे, घाणेरीची जाळी. आत्ताचा रेनकोट बाहेरचं पाणी अडवतो, पण तासाभरात घामानं आतला शर्ट पिळून काढावा लागतो. शिवाय चालताना एवढी खसखस होते की सांबर आधीच पळतं. श्वास घेणारं वॉटरप्रूफ कापड असतं म्हणे. वापरलेल्यांनीच सांगा. दुचाकीसाठी नको, चालायला पाहिजे. २००० च्या आत.

सह्याद्रीतला_वऱ्हाडी
डोळे झाकून गोरटेक्स घ्या. माझं बारा हजारांचं आहे. हिमाचलात घातलं, आतून एक थेंब नाही. स्वस्तातलं घेतलं की दोनदा घ्यावं लागतं. बजेट थोडं वाढवा.

बुलेटवाला_अकोला
दोन हजारांचे बारा हजार म्हणजे थोडं काय बाप्पा? ताई, मोटरसायकलचा रेनसूट घ्या, पँटसकट ११०० ले भेटते. अकोल्यावरून शेगावले गेलो धो धो पावसात, बनियन कोरडं.

रानवाट_धारणी
दुचाकीसाठी नको असं लिहिलंय भाऊ.

बुलेटवाला_अकोला
वाचलं ना. पण कापड त कापडच असते.

सूतगिरणी_बाबू
नसतं भाऊ. टेक्स्टाइल शिकलोय म्हणून जरा लांबण लावतो. गोरटेक्समधला मधला पापुद्रा मूळचा ताणलेल्या टेफ्लॉनचा. १९६९ साली बॉब गोअर तापलेली टेफ्लॉनची कांडी हळूहळू ओढून पाहत होता, दरवेळी तुटायची. वैतागून एकदम हिसका दिला तर ती तुटायच्या ऐवजी लांबलचक ताणली गेली. त्या ताणलेल्या पापुद्र्यातली छिद्रं पाण्याच्या थेंबाहून हजारो पटींनी लहान आणि वाफेच्या रेणूहून शेकडो पटींनी मोठी. म्हणून थेंब आत येत नाही, वाफ बाहेर पडते. स्वस्त जॅकेटांत हेच काम पॉलियुरेथेनचा लेप करतो, जरा कमी ताकदीनं.

पण ताई, मेख पुढेच आहे. वाफ आपणहून बाहेर जात नाही. आत गरम-दमट आणि बाहेर थंड-कोरडं असेल तरच जाते. म्हणून हिमाचलात यांचं जॅकेट चाललं. धारणीत जुलैला बाहेरची हवाच ओलीचिंब, वाफ जाणार कुठे? चिखलदऱ्याला अकराशे मीटरवर थोडा फरक पडेल. खाली मात्र बारा हजारांचं घ्या की दीड हजारांचं, चढावर घाम साचणारच. घ्यायचंच तर काखेत चेन असलेलं बघा. तिथून जेवढी हवा खेळते तेवढी कुठल्याच कापडातून खेळत नाही.

सह्याद्रीतला_वऱ्हाडी
पुस्तकी ज्ञान. माझं हरिश्चंद्रगडावरही चाललं, भर जुलैत.

सूतगिरणी_बाबू
चढताना अंगात होतं?

सह्याद्रीतला_वऱ्हाडी
चढताना बॅगेत ठेवलं होतं, गरम होत होतं म्हणून. वर घातलं.

बुलेटवाला_अकोला
मंग कोरडंच राह्यन ना 😂

जुना_मास्तर
आमच्या वेळेस डकबॅक होतं. कलकत्त्याची कंपनी, १९२० ची. रबर चढवलेलं सुती कापड, पाण्याची आत जायची टाप नव्हती. खांदे दुखायचे वजनानं, पण अजून खुंटीले हाये.

गोंदियाकर
मास्तर, श्वास घेते का ते?

जुना_मास्तर
ते नाई घेत. मी घेतो.

गोंदियाकर
😀 माझा अनुभव सांगतो. ऑनलाइन १८०० चं घेतलं, 'ब्रीदेबल' म्हणून. पुढच्या पावसाळ्यात ट्रंकेतून काढलं तर आतून सापाच्या कातीसारखे पापुद्रे निघत होते. विकणारा म्हणे वॉरंटी संपली. नाव लिहीत नाही, वाद नको.

सूतगिरणी_बाबू
पॉलियुरेथेनचा लेप ओलीनं कुजतो. दमट ट्रंकेत घडी करून ठेवायचंच नाही, पुरतं वाळवून टांगायचं. आणि घेताना टॅग वाचा. ५,००० मिमी म्हणजे पाच मीटर पाण्याच्या उंचीचा दाब सोसेल, पण बॅगेच्या पट्ट्याखाली आणि गुडघा टेकला की ओल येऊ शकते. १०,००० चं बरं. शिवणीला आतून टेप नसेल तर आकडा कितीही असो, सुईच्या भोकातून पाणी येणार.

अमरावतीची_आई
पोराचं महागाचं जॅकेट मी चांगलं पावडर टाकून, वरून सॉफ्टनरमध्ये भिजवून धुतलं, तर आता पाणी शोषते. फुकट गेले पैसे. कंपन्या लुटतात नुसत्या.

सूतगिरणी_बाबू
फेकू नका ताई. बाहेरच्या कापडावर एक थर असतो, त्याच्यामुळे थेंब घरंगळतात. त्यावर पावडर-सॉफ्टनरचा राप बसला की कापड पाणी पितं, वाफ अडते आणि आपल्याला वाटतं गळतंय. साध्या लिक्विडनं धुवा, दोनदा चांगलं खळबळा. वाळल्यावर, लेबलवर इस्त्रीला मनाई नसेल तर, वरून सुती कापड ठेवून कोमट इस्त्री फिरवा. बरेचदा थर परत जागा होतो.

भामरागड_मार्गे
एवढं कशाले? पोंचो घ्या. ४०० रुपये. बॅगेसकट झाकते, खालून मोकळा, हवा लागते.

गोंदियाकर
+१ पोंचो. बॅग पण झाकते.

बुलेटवाला_अकोला
पोंचो गाडीवर उडते. डोळ्यावर आला त गेलाच माणूस.

भामरागड_मार्गे
ताई गाडीवर नाई चालल्या रे बावा!!

रानवाट_धारणी
सगळ्यांचे आभार, बाबूभाऊंचे जास्त. पोंचो एका सहकाऱ्याचा मागून नेला होता. बांबूच्या बेटात अडकला, घाणेरीनं खालून वरपर्यंत फाडला, आता त्यांना नवा घेऊन द्यायचाय. बारा हजारांचं असतं तर नोकरीच सोडावी लागली असती.

शेवटी जॅकेट घेतच नाहीये. घामानं भिजायचंच आहे तर पावसानं भिजलेलं काय वाईट? लवकर वाळणारे दोन खाकी टी-शर्ट ७०० ला मिळाले. तोंड गुंडाळून बंद होणारी वॉटरप्रूफ पिशवी ५०० ला. तिच्यात एम-स्ट्राइप्स (गस्तीची नोंद करायचं ॲप) असलेला फोन, नोंदवही आणि एक कोरडा शर्ट. कॅम्पवर पोचलं की बदलायचा. आणि चालताना आवाज नाही.

सूतगिरणी_बाबू
चालत्या अंगाला ठीक आहे. पण पाणवठ्यावर नाहीतर मचाणावर बसून राहायची वेळ आली आणि वारा सुटला तर ओल्या अंगानं हुडहुडी भरते. जुना रेनकोट सोबत असू द्या.

रानवाट_धारणी
असू देते. बसल्यावर कुठे खसखस होते.

सह्याद्रीतला_वऱ्हाडी
एकदा गोरटेक्स वापरून बघायला हवं होतं. असो.

वर्धेचा_विक्रेता
आत्ताच धागा पाहिला. बजेट किती हाये ताई? माह्याकडे एक्सएलचा रेनसूट पडून हाये, पँटसकट. फक्त चेन खराब हाये.