मदत हवी आहे : पिण्याच्या विहिरीत नायट्रेट जास्त आलंय

मंडळी नमस्कार. आमचं गाव करवीर तालुक्यात. गल्लीतली पंचवीस-तीस घरं आजोबांच्या काळापासून एकाच विहिरीचं पाणी पितात, भर उन्हाळ्यातही ती कधी आटली नाही. परवा पाणी तपासून आणलं, तर नायट्रेट लिटरला ७८ मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) मर्यादा ४५ आहे. वर ई. कोलाय (विष्ठेतून येणारे) जंतूही सापडले.

जंतूंसाठी टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकतोय, पाणी उकळतोय. पण नायट्रेट उकळून जात नाही, उलट पाणी आटलं की त्याचं प्रमाण वाढतं. भावजयीचं बाळ तीन महिन्यांचं, वरच्या दुधावर आहे. एवढ्या लहान बाळांच्या रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकद नायट्रेटनं कमी होते, म्हणून त्याच्यासाठी पाणी दुसरीकडून आणतो. बाकीच्या घरांनी काय करायचं?

विहिरीच्या तिन्ही बाजूंना ऊस आहे. युरिया टाकून पाटानं भरपूर पाणी सोडलं की खत नायट्रेट होऊन मुळांखाली झिरपतं. चौथ्या बाजूला, पंधरा-वीस पावलांवर, एका घराच्या संडासाचा शोषखड्डा. मला संशय दोन्हींचा आहे. भांडण नको, माणसं आपलीच आहेत.

कुणाच्या गावात असं निस्तरलंय का? खड्डा हलवायला ग्रामपंचायतीत विषय कसा मांडला? ठिबकनं खत थोडं थोडं दिल्यावर विहिरीत फरक पडायला किती वर्षं लागली? पावसाळ्याआधी निदान खड्ड्याचं तरी मार्गी लावायचंय.