चोर्ला घाटात गाडी दम सोडते: डिझेल फिल्टर घरीच बदलू का?

कारापूरकर

नमस्कार मंडळी. माझ्याकडे २०१५ ची १३ सीटर डिझेल मिनीबस आहे, कॉमन रेल इंजिनाची, म्हणजे एका सामायिक पाइपात (रेलमध्ये) जबर दाबाने साठवलेलं डिझेल सगळ्या नोझलांना, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या भागांना, मिळतं. दोन वर्षांपूर्वी घेतली, सीट काढल्या आणि आत दोन बाकं, छोटा ओटा, पाण्याची टाकी बसवून घेतली. आईचे गुडघे गेलेत. साध्या बसने तिला लांबचा प्रवास झेपत नाही, म्हणून हे सगळं केलं. जूनपासून सप्टेंबर संपेपर्यंत गाडी घराशेजारी उघड्यावरच उभी होती. टाकी अर्ध्याहून कमी भरलेली. महिन्यातून एकदा चालू करून दहा मिनिटं ठेवायचो, तेवढंच.

दसरा झाल्यावर गोव्यातून चोर्ला घाटाने बेळगावला निघालो. साखळी, केरीपर्यंत काही त्रास नाही. अंजुणे धरण मागे पडलं, चढ लागला आणि तिसऱ्या गिअरमध्ये एकदम ओढ गेली. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी रेस १,५०० आरपीएमच्या वर जाईना. चेक इंजिनचा दिवा लागला. कडेला घेऊन बंद केली. पंधरा मिनिटांनी चालू केली तर काही झालंच नव्हतं अशी पळाली. चार-पाच किलोमीटरवर परत तेच. असे तीन वेळा थांबत वर पोचलो. सपाटीवर आणि उतारावर गाडी उत्तम.

ओळखीच्या गॅरेजवाल्याने फोनवरच सांगितलं की नोझल गेले, चारही काढावे लागतील. मला ते पटत नाहीये. माझ्याकडे आल्यापासून डिझेल फिल्टर बदललेलेच नाहीत. गाडीला दोन आहेत: एक चासीला, ज्याच्या बुडाला पाणी सोडायचा नट आणि माथ्यावर हँडपंप आहे, आणि दुसरा इंजिनवर. आधी कोणता काढायचा? बदलताना आत शिरलेली एअर कशी काढायची? कार्तिकीला आईला पंढरपूरला न्यायचंय, हातात तीन आठवडे आहेत.

फोंड्याची_भटकंती

दादा, नोझलला हात लावायच्या आधी फिल्टरच. आम्ही दोघं सात वर्षं अशाच गाडीतून फिरतोय आणि दोन्ही फिल्टरचा एक-एक सुटा नग कायम सीटखाली असतो. विकत घेताना जुन्या फिल्टरवरचा नंबर वाचून, फोटो काढून न्या. नुसतं मॉडेलचं नाव सांगितलं तर दुकानदार बारीक फरकाचा नग देतो. आटे बसतात, पण रबर नीट बसत नाही आणि गाडी एअर घेत राहते.

कामाच्या दिवशी अल्टरनेटर आणि बेल्टवर प्लास्टिक टाकून ठेवा, फिल्टर सोडताना डिझेल हमखास सांडतं. नवीन फिल्टर बसवण्याआधी डिझेलने काठोकाठ भरला की एअरची कटकट राहत नाही, आमचे हे तसंच करतात.

वाळपईचा_फिटर

कारापूरकर, तुम्ही लिहिलंय त्यात सगळ्यात कामाचं वाक्य म्हणजे पंधरा मिनिटं बंद ठेवल्यावर गाडी परत पळाली. नोझल खराब झाला तर तो विश्रांती घेऊन बरा होत नाही. नुसता फिल्टर कचऱ्याने तुंबला असेल तर चढावर गाडी मरते हे खरं, कारण चढावर इंजिन जास्त डिझेल मागतं आणि तेवढं पोचत नाही. पण तुंबलेला फिल्टर पंधरा मिनिटांत एवढा मोकळा होत नाही. मला संशय टाकीच्या आतल्या जाळीचा आहे. डिझेल ओढणाऱ्या पाइपाच्या तोंडाशी जाळी असते. टाकीत गाळ असला की जोराने ओढताना तो जाळीवर चिकटतो. इंजिन बंद केलं की ओढ थांबते आणि गाळ सुटून खाली बसतो. परत चढ, परत तेच.

म्हणून माझं सांगणं असं, फिल्टर जरूर बदला, पण त्याआधी तो काय सांगतोय ते बघा. जुना फिल्टर काढल्या काढल्या कचऱ्यात टाकणारे मी आयुष्यभर बघत आलोय. त्यात तुमच्या टाकीचा सगळा इतिहास असतो.

मी साखळी-डिचोली पट्ट्यात खनिजाच्या ट्रकांवर काम केलं. २०१२ ला गोव्यातल्या खाणी बंद पडल्या तेव्हा पणजीजवळच्या मालिमच्या मासेमारी जेटीवर ट्रॉलरच्या इंजिनांवर गेलो. ट्रकवर असताना फिल्टर म्हणजे धूळ, एवढंच डोक्यात होतं. पाणी काय करतं ते मला जेटीने शिकवलं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. दोन महिने बोट पावसात उभी. टाकी अर्धी असेल तर वरच्या रिकाम्या भागातली ओलसर हवा थंड पत्र्यावर घामासारखी जमते, झाकणाचं रबर सैल असेल तर पाऊस सरळ आत जातो. पाणी डिझेलपेक्षा जड. डिझेल लिटरला साधारण ८२० ते ८४५ ग्रॅम भरतं, पाणी १,००० ग्रॅम. ते बुडाशी जाऊन बसतं आणि पाणी-डिझेल जिथे भेटतात तिथे जीव धरतात, बुरशी आणि जिवाणू. ऑगस्टमध्ये एका बोटीचा फिल्टर उघडला तर आतल्या कागदावर काळपट बुळबुळीत थर होता, बोटाने उचलला तर सायीसारखा अख्खा उचलून आला. वास आंबूस. मालकाने मागच्या पंधरवड्यात दोनदा फिल्टर बदलले होते आणि टाकी एकदाही उघडली नव्हती.

तर तुम्ही हे करा. गाडी रात्रभर सपाटीला उभी राहू द्या. सकाळी चालू न करता चासीवरच्या फिल्टरचा खालचा नट सैल करून येईल ते एका स्वच्छ पारदर्शक बाटलीत धरा. मग तो फिल्टर उलटा करून बाकीचंही त्यातच ओता. बाटली खिडकीत तासभर हलवू नका. पाणी असेल तर तळाशी वेगळा थर दिसतो, मधली रेघ स्पष्ट असते. रेघेवर काळी साय तरंगत असेल तर टाकी धुवायलाच हवी, नुसत्या फिल्टरने भागणार नाही. लाल-तपकिरी कण तळाशी बसले तर टाकी आतून गंजतेय. आणि बाटलीवर ठळक अक्षरांत डिझेल लिहून ठेवा, घरात पाण्याची समजून कोणी हात लावायला नको.

अजून एक फुकटातली तपासणी. घाटात परत दम सोडला तर लगेच टाकीचं झाकण उघडा. हवा सूं करून आत गेली तर टाकीचा हवेचा मार्ग बुजलाय, तेवढंच कारण असू शकतं.

आता ताईंशी माझं एका गोष्टीत जमत नाही. चासीवरचा फिल्टर भरून लावला तर चालतो, बाहेरच्या बारीक भोकांतूनच भरायचा. इंजिनवरचा मात्र कोरडाच बसवा. त्याच्या मधल्या मोठ्या भोकात डिझेल ओतलं तर ते गाळून झालेल्या बाजूला पडतं, म्हणजे कॅनमधली घाण थेट इंजिनच्या जास्त दाबाच्या पंपाला. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा असतो. हा फिल्टर त्याच्या दहाव्या हिश्शापेक्षाही बारीक कण अडवायला बसवलेला असतो, आणि आपण ते कण त्याला वळसा घालून पुढे पाठवायचे? जुन्या गाड्या हे सोसायच्या, कॉमन रेल सोसत नाही.

फोंड्याची_भटकंती

काका, हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. आम्ही दोन्ही भरूनच लावत होतो. यापुढे इंजिनवरचा कोरडाच लावू.

कारापूरकर

फिटरकाका, खूप आभार. मग कोरड्या फिल्टरची एअर कशी काढायची? यूट्यूबवर एक जण नोझलच्या पाइपाचा नट सैल करून सेल्फ (स्टार्टर) मारताना दिसतोय.

वाळपईचा_फिटर

ते तुमच्या गाडीवर अजिबात करू नका. ती पद्धत जुन्या पंपाच्या गाड्यांची, आम्ही ट्रकांवर रोज करायचो. कॉमन रेलमध्ये त्या पाइपात १,००० बारच्या वर दाब जातो. ट्रकच्या टायरमध्ये साधारण ८ बार असतात, त्यावरून अंदाज करा. एवढ्या दाबाची बारीक चिळकांडी कातडी फोडून डिझेल आत घालते. बाहेरून सुई टोचल्याएवढी खूण दिसते, दुखतही नाही फारसं, आणि काही तासांत हात सडायला लागतो. असं कोणाला झालंच तर मलम लावत बसू नका, सरळ बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) जा आणि डिझेल प्रेशरने आत गेलंय हे डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा. म्हणून रेल, रेलचे पाइप, नोझल, यांतलं काही सोडायचं नाही. इंजिन बंद करून थोडा वेळ जाऊ द्यायचा आणि मगच पान्हा हातात घ्यायचा.

क्रम सोपा आहे. आधी चासीवरचा, मग इंजिनवरचा. जुन्याचं रबर वर चिकटून राहिलंय का ते बोट फिरवून बघा, रबरावर रबर बसलं तर गळणारच. नव्या रबराला डिझेलचं बोट लावा, हाताने फिरवत टेकवा आणि टेकल्यावर फिल्टरवर छापलेले असतील तेवढेच फेरे द्या. बेल्ट पान्हा (फिल्टरभोवती पट्टा आवळून फिरवायचा) काढायला, बसवायला नाही. मग हँडपंप मारा. सुरुवातीला पोकळ लागतो. इंजिनवरच्या फिल्टरच्या माथ्याला एअरचा स्क्रू असेल तर तो थोडा सैल ठेवून मारत राहा, आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग अखंड धार. धार आली की स्क्रू आवळा आणि पंप दगडासारखा कडक होईपर्यंत मारा. सेल्फ एका वेळी १० सेकंदांच्या वर नाही, मध्ये मिनिटभर थांबा. चालू झाल्यावर थोडी मिसिंग मारेल, म्हणजे अडखळत चालेल, आपोआप सुधारेल.

इतकं करूनही पंप सारखा मऊ पडत असेल तर टाकीपासून फिल्टरपर्यंतची रबरी नळी बघा. त्या भागात ओढ असते, दाब नसतो. नळीला चीर गेली तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. कोरडी दिसते म्हणून लोक तिला सोडून बाकी सगळं बदलतात. मधे हातभर पारदर्शक नळी जोडली की बुडबुडे डोळ्यांना दिसतात.

निघालेलं डिझेल आणि जुने फिल्टर व्हाळात (ओहोळात) किंवा कुळागरात (सुपारीच्या बागेत) टाकू नका. जुनं ऑइल जमा करणाऱ्या गॅरेजला द्या.

कारापूरकर

रविवारी काम केलं. बाटली खिडकीत ठेवली आणि पाऊण तासात खाली तीन बोटं पाणी. रेघेवर काकांनी सांगितली तशी काळी साय. ती बघून टाकीच उतरवली. तळातून लिटरभर तरी पाणी निघालं आणि जाळी निम्मी बुजलेली होती, शेवाळासारख्या चिकट थराने. टाकीच्या झाकणाचं रबर एका बाजूने तडकलेलं. झाकण अगदी पावसाच्या तोंडाला, चार महिने पाणी तिथूनच जात होतं. दोन वर्षं रोज हाताळलेलं झाकण, पण रबर कधी उलटून बघितलं नव्हतं.

टाकी धुऊन, कडक उन्हात दोन दिवस वाळवून बसवली. रबर नवीन, फिल्टर दोन्ही नवीन, इंजिनवरचा कोरडा. पंप कडक व्हायला बराच वेळ लागला, सेल्फ तिसऱ्या खेपेला लागला. काल आईला शेजारी बसवून चोर्ला घाट चढलो. तिसऱ्या गिअरमध्ये, न थांबता. दिवाही लागला नाही. ती म्हणाली, आज घाट लहान झाला का रे.

वाळपईचा_फिटर

छान झालं. पण टाकी कितीही धुतली तरी कोपऱ्यात थोडं चिकटलेलं राहतं आणि हादऱ्यांनी सुटत जातं. पहिल्या ५०० किलोमीटरमध्ये परत खालचा नट सोडून बाटलीत बघा. सुटे फिल्टर आणि बेल्ट पान्हा बरोबर न्या. आणि पुढच्या मेच्या अखेरीला, पाऊस लागायच्या आत टाकी गळ्यापर्यंत भरून ठेवा.

कारापूरकर

दोन्ही फिल्टर कालच आणले, नंबर जुळवून. पंढरपूरला पोचलो की दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी चालू करायच्या आधी नट सोडतो आणि बाटलीचा फोटो इथे टाकतो.