बेडकांच्या देखभालीचं रीतसर ट्रेनिंग कुठं मिळतं?

रंकाळाकाठ:
बीएस्सी झूलॉजी झालंय, राजारामपुरीत राहतो. दर पावसाळ्यात मित्रांबरोबर आंबोलीला जातो, आंबोली टोडचे, उडत्या बेडकाचे फोटो ढीगभर झाले, पण पुढं काय? मला ब्रीडिंग, खाद्य, आजारपण असं प्रत्यक्ष सांभाळायचं काम शिकायचंय. जर्सी बेटावर ड्युरेल नावाच्या वन्यजीव संस्थेवाले शिकवतात पण खर्च बघूनच घाम फुटला. घरात आई म्हणते बेडूक सांभाळायला कोर्स कशाला, मोरीत चार हायत की.

सडाभटक्या:
तुझ्या आईला नमस्कार सांग! भावा, सड्यावरचा (म्हणजे कातळाच्या पठारावरचा) आंबोली टोड उचलून घरी शिकायचं डोक्यातनं काढ. २००९ मध्ये शास्त्रीय नाव मिळालेला प्राणी, पहिल्या पावसात सड्यावरच्या उथळ डबक्यात अंडी घालतो, त्याला डबकंच पाहिजे, तुझा टब नको. बीएनएचएस या मुंबईच्या निसर्ग संस्थेचा हर्पेटॉलॉजीचा (बेडूक-सापांच्या अभ्यासाचा) कोर्स बघ, पण त्यात ओळख न् अभ्यास जास्त, देखभाल कमी. देखभालीसाठी अ‍ॅम्फिबियन आर्क या बेडकांसारखे उभयचर वाचवणाऱ्या संस्थेच्या साइटवर फुकट वाचायला बरंच आहे.

मोरीतला_बेडूक:
मी एका ठिकाणी कीपरच्या हाताखाली तीन महिने होतो (नाव नको). महिनाभर बेडूक दिलेच नाहीत, नुसते रातकिडे सांभाळायला दिले, लई राग आला. मग कळलं की बेडूक हलणारं भक्ष्यच धरतो, म्हणजे किडे मेले की बेडूक उपाशी, आणि किड्यांवर कॅल्शियमची पावडर लावली नाही तर हाडं वाकतात. पाणी तर त्याहून अवघड, बेडूक कातडीतनं पाणी पितो, नळाचं क्लोरीनवालं तसंच ओतलं की संपलं.

सडाभटक्या:
आणि बूट! बेडकांना मारणारी कायट्रिड बुरशी त्यांच्या कातडीवरच बसते, न् बुटांच्या ओल्या चिखलातनं दुसरीकडं जाऊ शकते. २००९ मध्ये ती कॅरिबियनमधल्या मोंटसेराट बेटावर पोचली तेव्हा माउंटन चिकन नावाचे मोठे बेडूक विमानानं युरोपात हलवावे लागले, त्यातले काही जर्सीला. आपण मात्र आंबोलीचा चिखल घेऊन थेट राधानगरीत उतरतो. बूट घासून, जंतुनाशकात बुडवून, पार वाळवून मगच दुसऱ्या जागी जायचं, हे ट्रेनिंग आजपासून सुरू कर, फी नाही.

रंकाळाकाठ:
बुटांचं खरंच कधी डोक्यात आलं नव्हतं. बरं, रातकिड्यांपासून सुरू करतो. खायला काय घालायचं?

मोरीतला_बेडूक:
गव्हाचा कोंडा, गाजर, कोबी. भाजी धुऊन घे, फवारणीची असली तर सगळे एका रात्रीत मरतात, माझे मेलेत. पाण्याची वाटी ठेवू नको, बुडतात, ओला कापूस ठेव. आणि डबा आईच्या खोलीपासनं लांब, रात्रभर ओरडतात.