मदत हवी आहे: वंशावळीची जेडकॉम फाईल ईमेलने पाठवताना फोटो आणि दुरुस्त्यांचा घोळ

नमस्कार मंडळी,
वंशावळ ग्रॅम्प्स या वंशावळीच्या प्रोग्राममध्ये आहे, नातेवाईक वेगवेगळे प्रोग्राम वापरतात. म्हणून जेडकॉम ५.५.१ (वंशावळीच्या देवाणघेवाणीचा सामाईक प्रकार) फाईल पाठवायची. देवनागरी नावांचा प्रश्न सुटलाय: फाईलच्या सुरुवातीच्या भागात '1 CHAR' या कॅरॅक्टर सेटच्या (अक्षरं कशी साठवली ते सांगणाऱ्या) ओळीत यूटीएफ-८ हवं. अ‍ॅन्सेल किंवा अ‍ॅन्सीत (हे जुने कॅरॅक्टर सेट) देवनागरी बसतच नाही. नुसती अगम्य चिन्हं दिसली तर योग्य एन्कोडिंगने उघडून नावं परत मिळू शकतात. प्रश्नचिन्हं सेव्ह झाली की अक्षरं गेलीच, मूळ फाईलमधूनच पुन्हा एक्सपोर्ट करावं लागतं.

अडचण दोन ठिकाणी आहे.

जेडकॉममध्ये फोटो नसतात, फक्त त्यांचा पत्ता असतो. समोरच्याच्या संगणकावर तो फोल्डर नसल्यामुळे चौकटी रिकाम्या. झिप करून पाठवावं तर जीमेलची मर्यादा २५ एमबी, आणि ईमेलमध्ये जोडताना फाईल साधारण एक तृतीयांशाने फुगते, म्हणजे १८ एमबीच्या पुढे जाऊच नये. जेडकॉम ७ च्या जेडझिपमध्ये फोटो सोबत जातात, पण कोणते प्रोग्राम ती नीट उघडतात?

दुसरं, दुरुस्त केलेली फाईल परत आली की आयात केल्यावर प्रत्येक माणूस दोनदा दिसतो. एकेक जोडी तपासून विलीन करण्याऐवजी फक्त बदल वेगळे काढता येतात का?

हयात व्यक्तींचे तपशील एक्सपोर्टच्या वेळीच गाळतो, त्यामुळे कृपया 'सगळं ऑनलाईन टाका' हा उपाय नको.